कीतोतलं फानेस्का: बारा दाणे आणि सालं फुकट

मी वसईची, मिशनच्या कामासाठी इक्वाडोरच्या राजधानीत, कीतोत. गुड फ्रायडेला सान फ्रान्सिस्को चर्चची मिरवणूक, जांभळ्या झग्यातले ते टोकदार टोप्यांवाले कुकुरुचो (पश्चात्ताप करणारे भाविक), उन्हात तीन तास पाहिली आणि गल्लीतल्या एका खानावळीत शिरले. फानेस्का, म्हणजे इथलं ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातलं सूप, मागवलं. येशूच्या बारा प्रेषितांच्या नावाने बारा प्रकारचे दाणे, भोपळा, दूध, खारवलेला कॉड मासा. वर उकडलेलं अंडं, तळलेलं केळं. सूप कसलं, पिठल्याइतकं दाट! चोचोचे (एक प्रकारच्या कडधान्याचे) दाणे मात्र न सोलताच घातलेले, सालं दातात अडकत राहिली. मासाही नीट भिजवला नव्हता, खारट ढोण. 8 डॉलर जास्तच. तरी पहिल्या घासाला आईचे सुके बोंबील आठवले. मालकीणबाईंनी ‘माद्रेसिता’ (लाडाने ‘आई’) म्हणत आणखी एक पळी वाढली. उपास होता, पण नाही म्हणवेना.