टेरेसच्या टाकीखालचं घर आणि १२० वॅटचा प्रेशर पंप: कुठे कामाचा, कुठे वाया

टेरेसच्या अगदी खालच्या मजल्यावर नवं बाथरूम झालं आणि शॉवरला बारीक धार आली, की पहिला सल्ला मिळतो तो प्रेशर पंप बसवण्याचा. हे परीक्षण त्याच पंपाचं आहे: १२० वॅट, पाऊण इंची जोडणी, आत फ्लो स्विच (पाणी वाहू लागलं की पंप आपोआप चालू करणारा) आणि बाहेर ऑटो-ऑफ-मॅन्युअल असं बटण. कंपन्या वेगळ्या असल्या तरी या गटातल्या पंपांची रचना बरीचशी सारखी असते, त्यामुळे नाव कुठलंही असलं तरी पुढचं बहुतेक लागू पडेल. निकाल आधीच सांगून टाकतो. एका शॉवरसाठी उत्तम, दोन बाथरूम एकाच वेळी चालवायची असतील तर अपुरा, आणि लाइन कचऱ्याने तुंबलेली असेल तर पैसे पाण्यात.

म्हणून आधी बादली घ्या. १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि ६०० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे मिनिटाला किती लिटर येतं ते कळेल. ६० सेकंद लागले तर १० लिटर, बाथरूमच्या नळाला हे ठीक आहे. १५० सेकंद लागले तर जेमतेम ४ लिटर, म्हणजे कुठेतरी अडतंय. प्रत्येक नळाला हे वेगवेगळं मोजा. एकाच नळाला कमी असेल तर दोष त्या नळापाशी. फक्त गरम पाणी कमी असेल तर गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व बघा. तिथला स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व) उघडायलाच थोडा जोर खातो, आणि टाकीच्या पाण्याला मुळात तेवढा जोर नसतो. सगळीकडे कमी असेल तर टाकीपासून घरापर्यंतची लाइन तपासायची.

नव्या फिटिंगमध्ये सर्वांत आधी बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा. तिच्यावर काय सापडणार हे जवळपास ठरलेलं असतं: पाईप कापताना पडलेला सीपीव्हीसीचा, म्हणजे पाईपच्या प्लास्टिकचा, पिवळट भुसा, वाळूचे कण, टेफलॉन टेपचे पांढरे धागे. नुसती जाळी धुऊन परत लावली तर दोन दिवसांत तेच होतं, कारण कचरा लाइनमध्ये बसलेला असतो. सगळ्या जाळ्या आणि शॉवरचं तोंड काढून ठेवा, अँगल कॉक (भिंतीतून निघणाऱ्या जोडणीवरचा छोटा नळ) पूर्ण उघडा, टाकीजवळचा व्हॉल्व पूर्ण उघडा आणि एकेक नळ दोन-तीन मिनिटं मोकळा सोडा. कनेक्शन पाईपला पीळ पडलाय का तेही याच वेळी बघून घ्या.

धुऊन न जाणारी अडचण म्हणजे सॉल्व्हंटची, म्हणजे पाईप चिकटवायच्या द्रावणाची, आत वाळलेली कडी. सॉल्व्हंट पाईपच्या टोकाला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं असतं. उलट केलं की पाईप आत सरकताना जास्तीचं सॉल्व्हंट पुढे ढकललं जातं आणि तिथेच वाळून भोक लहान करतं. तो एल्बो कापून बदलावाच लागतो. असल्या ठिकाणी पंप लावून काही साधत नाही.

आता पाईपचं माप. टाकी टेरेसच्या स्लॅबवरच ठेवलेली असेल तर भरलेल्या टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून साधारण २ मीटर वर असते, म्हणजे दाब ०.२ बार. टाकी रिकामी होत आली की त्याच्याही निम्मं. अर्धा इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक सुमारे १२.४ मिलिमीटर असतं. त्यातून मिनिटाला १० लिटर न्यायचं तर १० मीटर लांबीत जवळपास १.९ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) घर्षणातच संपतं. तीच लाइन पाऊण इंची असेल तर ०.३ मीटर. टाकीपासून बाथरूमपर्यंत अर्धा इंची पाईप टाकलेला असेल तर खरा दोष तो आहे, आणि टाइल बसायच्या आधी कळलं तर पंपाची गरजच पडणार नाही. लाइन मध्येच वर चढून खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकते; तिथे किंवा टाकीच्या आउटलेटनंतर लगेच एअर पाईप (हवा बाहेर सोडणारा, वर उघडा पाईप) हवा.

एवढं करूनही शॉवर समाधान देत नसेल तर पंप घ्या. डब्यावर ‘हेड ९ मीटर, फ्लो २५ लिटर’ असे आकडे दिसतील. हे दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. ९ मीटर मिळतं तेव्हा नळ बंद असतो, आणि २५ लिटर मिळतं तेव्हा दाब शून्य असतो. प्रत्यक्ष वापरात १२ लिटरच्या आसपास पाच-सहा मीटर, म्हणजे अर्ध्या बारची भर पडते. साध्या शॉवरला ती भरपूर आहे. १ बार मागणाऱ्या मोठ्या रेन शॉवरला नाही.

फ्लो स्विच हा या पंपाचा कच्चा दुवा. तो चालू व्हायला मिनिटाला एक-दीड लिटर पाणी आपोआप वाहावं लागतं. शॉवरला तेवढंही येत नसेल तर पंप ढिम्म हलत नाही. खालचा नळ क्षणभर उघडला की सुरू होतो. मॅन्युअलवर कायम ठेवू नका: याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, टाकी संपली की ती जळतात. बसवताना शाफ्ट आडवा, बाण प्रवाहाच्या दिशेने, आणि चालू करण्याआधी पुढचा स्क्रू सैल करून हवा काढायची. पंपाच्या आधी वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) लावाच. पंपाच्या मानाने तो किरकोळ किमतीचा असतो. शिवाय बॉल व्हॉल्वसह बायपास (पंपाला वळसा घालून जाणारा पाईप) ठेवा, वीज गेल्यावर निदान आधीचं पाणी तरी येत राहील.

पुण्या-नाशिकसारख्या ठिकाणी पाणी तापवणारं सोलर घरोघरी आहे, आणि नेमकी तिथेच चूक होते. साध्या सोलरची टाकी दाबासाठी बनवलेली नसते, तिला एअर पाईप असतो. तिच्या थंड इनलेटवर पंप लावला तर गरम पाणी एअर पाईपमधून टेरेसवर सांडतं, टाकीचे जोडही गळू लागतात. पंप सोलरच्या गरम आउटलेटवर हवा, तोही गरम पाण्याला चालणारा. नुसत्या थंड लाइनवर लावला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरमला मागे रेटतं आणि शॉवर कोमट येतो. दोन्ही लाइनना सारखाच जोर द्या आणि मिक्सरच्या आधी एनआरव्ही बसवा.

सोसायटीची टाकी आणि उतरती लाइन सामाईक असेल तर पंप शेजाऱ्याचं पाणी ओढतो, तेव्हा आधी सोसायटीची परवानगी घ्या. पालिकेच्या नळाला थेट तर हा मुळीच जोडायचा नाही, अशा मोटारी पालिका जप्त करते. विजेचा खर्च नगण्य आहे: रोज तासभर चालला तरी महिन्याला ३.६ युनिट. आवाजही कमी, पण पोकळ विटांच्या भिंतीवर ठोकला तर ती गुणगुणते. डक्टमध्ये रबराच्या गादीवर बसवा. पाचपैकी चार गुण. एक गुण फ्लो स्विचसाठी कापला.