शाळेतला मार थांबवायला कलम १७ पुरेसं, की गोव्यासारखा राज्याचा कायदा?

आमच्या परभणीकडच्या शाळेत गुरुजी लिंबाची ओली फोक आम्हालाच तोडून आणायला लावायचे. बारीक आणली की दुप्पट बसायचे. आता २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ने मार आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या, पहिली ते आठवीच्या लेकरांपुरता. मारलंच तर कारवाई सेवानियमांनुसार. म्हणजे नोटीस, चौकशी. आणि तोवर गावातलेच चार जण ‘मिटवा आता’ म्हणत ओसरीवर येऊन बसतात. (त्यातला एखादा आपलाच चुलता असतो.)

गोव्याने २००३च्या बाल कायद्यातच सगळ्या शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. तिथे मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. खरा फरक इथे पडतो. लातूरला बारावीसाठी खोली करून राहिलेलं सतरा वर्षांचं पोरगं कलम १७मध्ये बसत नाही, गोव्याच्या व्याख्येत बसतं.

मानसिक छळाचा स्पष्ट उल्लेख ही मात्र केंद्राच्या कायद्याची जमेची बाजू. वर्गासमोर ‘ढ’ म्हणून उभं केलेलं मी अजून विसरलो नाही, फोकेचे वळ कधीच गेले. मला विचाराल तर राज्याने कायदा करावाच; शब्द कलम १७चे घ्यावेत, वय गोव्याचं.