गव्हाशिवाय पीठ बांधायचं कशानं: उकड, इसबगोल की गम?

गहू बंद करून महिने झाले, तरी ग्लुटेन-फ्री ब्रेड किंवा तयार पिठाची पोळी खाल्ली की पोट फुगतं, ही तक्रार सीलिअ‍ॅक असलेल्यांकडून वारंवार ऐकू येते. या आजारात गव्हातलं चिकट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, पोटात गेलं की प्रतिकारशक्ती आतड्यावरच हल्ला करते. अशा पिठात बांधण्यासाठी घातलेल्या चिकट पदार्थाला, म्हणजे गमला, दोष देण्याआधी लपून येणारा गहू शोधा. मुंबईत पहिला संशय कोपऱ्यावरच्या गिरणीवर घ्यावा. तुमची ज्वारी चांगली असली, तरी आधी दळलेल्या गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. दुसरा संशय डब्यातल्या हिंगावर, कारण अनेक ब्रँडच्या हिंगात मैदा असतो. मग सोया सॉस पाहा. ग्लुटेनविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया अजून चालू आहे का हे दाखवणारी टीटीजीची रक्तचाचणी डॉक्टरांना विचारून पुन्हा करून घ्या. आतड्याचं अस्तर सावरलेलं नसेल तर दुधातलं लॅक्टोजही पचत नाही, तेही तपासा.

एवढं करूनही त्रास उरला, तर पीठ कशानं बांधलंय ते बघायचं. एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार ग्लुटेन-फ्री पदार्थात किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसतं. पण त्यात गम किती, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. पाकिटाच्या मागे आकडे वाचा: ४१२ म्हणजे गवार गम, ४१५ झँथन गम, ४६४ आणि ४६६ सेल्युलोजचे प्रकार. गमनं होणारा त्रास म्हणजे ग्लुटेनसारखा प्रतिकारशक्तीचा हल्ला नव्हे. बहुतेकदा प्रश्न वायूचा आणि प्रमाणाचा असतो.

रोजच्या जेवणाला आमची पहिली पसंती उकडीला, कारण तिच्यात पीठ, पाणी, मीठ आणि चमचाभर तेल यापलीकडे काही नसतं. तांदळाच्या १ वाटी पिठाला १ वाटी पाणी घ्या. तांदूळ नवा असेल तर २ चमचे कमी. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळून उकळू द्या, पीठ टाकून ढवळा, गॅस बंद करून १० मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, तळहात पाण्यात बुडवत, सलग ५ मिनिटं मळा. गरम पाण्यानं स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम तोच करतो. पाणी नुसतं कोमट असेल तर भाकरीच्या कडा फाटतात. ज्वारीच्या पिठालाही गरम पाणीच लागतं, शिवाय ते ताजं हवं. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी भाकरी थापताना तुटते. उकडीची खरी अडचण डब्यात कळते. साडेसहाला भरलेली भाकरी दुपारी एकपर्यंत कडक होते, कारण गार झालेला स्टार्च पुन्हा आवळतो. ऑफिसात गरम करायची सोय असेल तर हा प्रश्न मिटतो.

ती सोय नसेल तर इसबगोल. दादर-परळच्या कुठल्याही औषधांच्या दुकानात साधा, बिनसाखरेचा, बिनचवीचा मिळतो, तोच घ्या. ज्वारी-तांदळाच्या २०० ग्रॅम पिठाला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे साधारण २ मोठे चमचे. तो आधी २०० मिली कोमट पाण्यात ५ मिनिटं भिजवून जेलीसारखा होऊ द्या, मग पिठात मिसळा. कोरडाच पिठात टाकला तर तो मळतानाही पाणी ओढत राहतो आणि गोळा घट्ट होत जातो. प्रमाण वाढलं की पोळी आतून कच्ची, चिकट लागते. मोठ्या आतड्यातले जीवाणू इसबगोल फारसा आंबवत नाहीत, म्हणून तो गवार गमपेक्षा कमी वायू करतो. दिवसभर पाणी मात्र भरपूर हवं. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. सीलिअ‍ॅकसोबत थायरॉइडचा आजार बऱ्याच जणांना असतो, म्हणून हे महत्त्वाचं.

झँथन ब्रेड आणि केकपुरताच ठेवा. २०० ग्रॅम पिठाला केकसाठी अर्धा छोटा चमचा, ब्रेडसाठी एक ते दीड. आधी कोरड्या पिठात किंवा साखरेत मिसळा, थेट पाण्यात टाकला की गुठळ्या होतात. गवार गम स्वस्त पडतो, पण आतड्यातले जीवाणू त्याला चटकन आंबवतात. पोट फुगण्याची तक्रार असेल तर यादीतून सर्वांत आधी तोच काढा.

कुठला गम सोसत नाही हे सांगणारी रक्तचाचणी नाही. बंद करून पुन्हा चालू करूनच कळतं. दोन आठवडे गम आणि इसबगोल बंद ठेवून भाकरी फक्त उकडीचीच खा. बरं वाटलं तर एकेक पदार्थ ३ दिवस, आधी थोडा आणि मग नेहमीइतका खाऊन बघा. एका वेळी दोन नकोत, आणि त्या दिवसांत नवं हॉटेलही नको. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री जुलाबासाठी उठावं लागत असेल तर हा प्रयोग थांबवून पोटविकारतज्ज्ञांकडे जा. ज्यानं त्रास झाला त्याचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे दुकानात पाकीट उलटून लगेच ठरवता येतं.