लक्ष्मीनगरची घरगुती लायब्ररी: पुस्तकं फर्स्टक्लास, फॉर्म मात्र आजोबांच्या काळातला

नागपूरच्या बर्डीवरून सेकंडहँड पुस्तकं आणून आणून घरात जागा उरली नाही, आईनं तंबी दिली की आता एक जरी आणलंस तर रद्दीवाल्याला बोलावते, म्हणून मार्चमध्ये ही लायब्ररी लावली. लायब्ररी म्हणजे काय, एका जुन्या बंगल्याची समोरची खोली, रिटायर्ड काका-काकू चालवतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि दोघं माणसं लई चांगली आहेत. डिपॉझिट 300, महिन्याला 120, एका वेळी दोन पुस्तकं. उशीर झाला तर दंड नाही, काकूंचा फोन येतो, जो दंडापेक्षा वाईट.

जायचं कशासाठी तर बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठी. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं मिळून असा साठा मी नागपुरात दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिला नाही. काकूंनी नोकरीत असताना पगारातून एकेक जमवलंय. गौरी देशपांडे आहे, सानिया आहे, मेघना पेठेंची 'नातिचरामि' आहे, कविता महाजनांची 'ब्र' आहे (2005 ची, नवऱ्याचं घर सुटलेली प्रफुल्ला आदिवासी भागात बाई सरपंचांना भेटत फिरते ती, नसेल वाचली तर आधी तीच घ्या). आपल्या आशाताई बगेंची 'भूमी', जिला 2006 चा साहित्य अकादमी मिळाला, तिच्या दोन कॉपी आहेत आणि दोन्ही कायम बाहेर. नंबर लावावा लागतो, माझा अजून यायचाय.

आता फॉर्म. नाव, पत्ता, आणि त्याखाली 'पतीचे / वडिलांचे नाव'. पुस्तक नेणार मी, वाचणार मी, हरवलं तर भरून देणार मी, मधात हे दोघं काऊन? काकांनी तर न विचारताच सौ. लिहून टाकलं. मी म्हटलं काका मी सौ. नाहीये, तर म्हणे बरं मग कु. करतो. म्हटलं नुसतं नाव लिहा ना. तर चष्मा वर करून म्हणे, "नुसतं कसं लिहायचं?"

आणि गंमत पहा, त्याच दिवशी मी उचललं शशी देशपांडेंचं 'दॅट लाँग सायलेन्स'. त्यातल्या जयाचं लग्नात नवऱ्यानं नाव बदलून सुहासिनी केलंय. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात ना, तेच. पुढं ती मासिकात 'सीता' नावानं सदर लिहिते, म्हणजे बाई एक आणि नावं तीन, आणि दादरच्या फ्लॅटमध्ये बसून ती हाच हिशोब लावत राहते की यातली मी कोणती. जयाच्या संसारात मारहाण नाही, हुंडा नाही, खलनायक नाही, सगळं चांगल्या घरातलं, म्हणूनच मला ती जास्त लागली. तिला 1990 चा साहित्य अकादमी मिळाला, पण तो इंग्रजी लेखनाचा, आणि काकांनी पुस्तक ठेवलं होतं मराठी कप्प्यात. का, तर आडनाव देशपांडे. बाई जन्मल्या धारवाडला, वडील कन्नडचे मोठे नाटककार, पण नवऱ्याचं आडनाव पाहून कप्पा ठरला!

कप्प्यांचं तर विचारूच नका. दारातून शिरल्यावर समोर मोठ्ठं 'कादंबरी', तिथे सगळे बाप्ये. बायकांच्या कादंबऱ्या आतल्या भिंतीला 'महिला विभाग' चिठ्ठीखाली, शेजारी रांगोळीची पुस्तकं, लोणची-मुरंबे, विणकाम. विभावरी शिरूरकरांचं 'हिंदोळ्यावर' मला पाककृतीच्या दोन पुस्तकांच्या मधात सापडलं. 1934 ची कादंबरी! त्याच्या आदल्या वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा एवढा गदारोळ झाला होता की ही विभावरी कोण हे लोक शोधत फिरत होते, आणि त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. लपून लिहावं लागलं त्यांना, आणि नव्वद वर्षांनी मुक्काम लोणच्याशेजारी. काकांना बोलले तर म्हणे बायकांना सोयीचं पडतं. अहो पण पुरुषांनी ती वाचावी की नाही?

मोठी तक्रार वेगळीच आहे. दलित बायकांचं लिखाण जवळपास नाहीच. मान्य, त्यातलं बरंच आत्मकथन आहे, कादंबरी नाही, पण कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट' नागपूरच्या लायब्ररीत नसावं? इथेच संस्कृत शिकल्या, शिकवलं त्या बाईंनी, आणि संस्कृत शिकायला काय काय सोसलं ते 1981 साली लिहून ठेवलं. काका म्हणे मागणी नाही. दीक्षाभूमी इथून हाकेच्या अंतरावर, दसऱ्याला तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते, आणि यांच्याकडे मागणी नाही! मी वहीत मागणी लिहून आलेय, तुम्ही जॉइन झालात तर तुम्हीही लिहा.

एवढं असून मी सोडली का नाही? एप्रिलमध्ये आशापूर्णादेवींची 'प्रथम प्रतिश्रुति' हिंदीत नेली. जाडजूड, आठ दिवस कूलरसमोर वाचून राहिली होती, त्या सत्यवतीनं मला जेवू दिलं नाही. स्वतः आठव्या वर्षी लग्न झालेली बाई, पोरीला शिकवायचं म्हणून सगळ्यांशी भांडते आणि तिच्याच पाठीमागं पोरीचं लग्न उरकून टाकतात. इथपर्यंत आले आणि शेवटची पानंच गायब! तशीच चप्पल घालून परत गेले. काकू म्हणाल्या बस, आणि स्वैपाकघरातून पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला उरलेला शेवट सांगितला, एकेक वाक्य तोंडपाठ असल्यासारखं. "गेली ती काशीला. नवरा थांबवत होता, पोरगी समोर होती. नाही थांबली." लाटणं तसंच हातात. आतून काकांचा आवाज आला, चहा झाला का म्हणून, काकू म्हणाल्या, "आज तुम्ही करा." काकांनी केला, साखर जास्त होती.

पाचपैकी चार. फॉर्म बदलेपर्यंत पाचवा देत नाही. पुस्तक नेण्याआधी शेवटची पानं तपासून घ्या, आणि मेमध्ये गेलात तर संध्याकाळी सहानंतरच जा, कारण खोलीत कूलर एकच आहे आणि त्याचं तोंड 'कादंबरी' कडे आहे, महिला विभागात हवा येत नाही.