राइडिंग लॉन मोअर: वर्षभर वापरल्यानंतर, आणि मुख्य म्हणजे तो सुरू होत नाही तेव्हा

होटगी रोडला आमचं लग्नाचं लॉन आहे, साधारण अडीच एकर हरळी. पूर्वी दोन माणसं ढकलायच्या मशिनने दिवसभर गवत कापायची. बसून चालवायचा मोअर घेतल्यापासून तेच काम ऊन चढायच्या आत उरकतं. कापणी एकसारखी येते, झाडांभोवती वळतो छान, पेट्रोलही परवडतं. मशिनच्या कामावर मी खूश आहे. पण किल्ली फिरवली आणि तो सुरूच झाला नाही, तर सोलापुरात हे मशिन खोलणारा माणूस पटकन मिळत नाही. पुण्याहून कोणी येईपर्यंत इकडे मांडववाले दारात उभे असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आवाज ऐका, निम्मं निदान तिथेच होतं. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बॅटरीची सुटलेली वायर किंवा सेफ्टी स्विच. टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली. एकदाच जोरात ‘टक्’ झालं आणि पुढे शांत, तर बहुधा सोलेनॉइड (बॅटरीचा करंट स्टार्टरला सोडणारा विजेचा स्विच), स्टार्टर (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) किंवा मधली ढिली जोडणी. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल नाहीतर स्पार्क प्लग. गॅरेजवाले एकदम कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, हात घालतात, तो सगळ्यात शेवटी घालायचा.

आमच्याकडे बहुतेक वेळा बॅटरीच निघाली. त्याला आपला उन्हाळाही जबाबदार आहे. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या वर जातो, पाणी कमी म्हणून गवत वाढत नाही, मशिन आठवडेच्या आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये तापत उभं राहतं. मग मृगाचा पाऊस पडतो, हरळी तरारून वर येते आणि नेमकं तेव्हा किल्ली फिरवली की ठप्प. मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.4 च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. चार्ज करूनही स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती बदलाच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह, आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून कोरडं करून घट्ट आवळायचं. चासीला बोल्टने बांधलेली अर्थिंगची वायर कोणी बघत नाही. आमची तिथे गंजली होती, बोल्टखाली पॉलिश पेपर फिरवला आणि मशिन पहिल्या झटक्यात उठलं.

दुसरं मोठं प्रकरण सेफ्टी स्विचचं. आमच्या मॉडेलमध्ये माणूस सीटवर हवा, ब्रेक पेडल पूर्ण दाबलेलं हवं आणि पात्याचा स्विच बंद हवा, तरच स्टार्टरला करंट जातो. पावसाळ्यात एकदा मशिन मुकं झालं. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. माळीकाकांनी सीट उचलली तर खाली स्विचकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, तांब्याचे दोन केस तेवढे चिकटलेले. काका सीटवर सरकून बसले की क्षणभर दिवा लागायचा, हलले की गेला. एका मिस्त्रीने सुचवलं, “साहेब, दोन्ही वायरी जोडून टाकतो, कटकटच मिटेल.” मी ठाम नाही म्हटलं. पात्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात असतो. उतारावर माणूस खाली पडला तर त्याला वाचवणारा तोच एक स्विच आहे. नवीन वायर सोल्डर करून वरून जाड नळी चढवली. सीटखालची ही जोडणी कंपनीने इतकी उघडी ठेवायला नको होती, ही माझी खरी तक्रार.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने इतके, की इथेनॉलबद्दल वाईट बोलायला जीभ उचलत नाही. पण ते हवेतली ओल ओढतं, आणि महिनाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, चिकट थर धरतं. मशिन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवतो. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली आणखी एक, वेगळा छोटा सोलेनॉइड असतो, तो पेट्रोलची वाट उघडतो. किल्ली ऑन केल्यावर तिथे बोट ठेवलं की हलका ठोका जाणवायला हवा. तो नसेल तर पेट्रोल पुढे जातच नाही, आणि लोक उगाच जेट साफ करत बसतात.

प्लग काळा-ओला दिसला तर पुसून पुन्हा लावा, जुना झाला असेल तर बदला. एअर फिल्टर मात्र पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बघा, आपल्याकडची धूळ तशीच आहे. आणि इंजिन अर्धा फेरा घेऊन अडकत असेल, बॅटरी नवी असूनही, तर व्हॉल्व्हचं सेटिंग तपासून घ्यायला सांगा. व्हॉल्व्हचा गॅप वाढला की स्टार्ट करताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सुटत नाही आणि स्टार्टरचा दम निघतो. हे काम घरी करू नका.

एक एकराच्या आतलं लॉन असेल तर हा खर्च करू नये, ढकलायचं मशिन पुरतं. त्याहून मोठं असेल तर जरूर घ्या, पण घेतानाच विक्रेत्याकडून जादा सोलेनॉइड, सीट स्विच आणि पात्याचा बेल्ट मागून घ्या. नंतर मागवलेला बेल्ट आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुळशीचं लग्न उलटून मुहूर्त सुरू झाले होते.