युकुलेलेवर उत्स्फूर्त वादन: एकच स्केल धरावी की कॉर्डबरोबर बदलावे?

सांगली-मिरजेकडे युकुलेले (गिटारसारखे छोटे, चार तारांचे वाद्य) हाती घेणाऱ्या अनेकांचा कान आधी पेटीवर आणि तंबोऱ्यावर तयार झालेला असतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) चालू असताना त्यावर आयत्या वेळी काय वाजवावे, असा प्रश्न आला की त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. पहिल्या वाटेत गाण्याची पट्टी ओळखून सर्व कॉर्डवर एकच स्केल, म्हणजे ठरावीक स्वरांचा संच, वाजवायची असते. दुसरीत प्रत्येक कॉर्डमधील स्वर ध्यानात ठेवून, कॉर्ड बदलली की मुक्कामाचा, म्हणजे ज्यावर थांबायचे तो, स्वरही बदलायचा असतो.

पहिली वाट या वाद्यावर विलक्षण सोपी आहे. जी, सी, ई, ए या चार मोकळ्या तारा, पांढरी एकला, म्हणजे सीला, षड्ज मानले, तर पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत होतात; सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे दांडीवरचा पडदा) रिषभ त्यांत मिळवला की भूप रागाचे पाचही स्वर, म्हणजेच सी मेजर पेंटॅटॉनिक, हाताशी येतात. सी आणि ए मायनर या कॉर्डवर ते सहज बसतात. मात्र एफ कॉर्डचा मूळ स्वर मध्यम आणि जी सेव्हनमधला शुद्ध निषाद नेमके भूपात वर्ज्य असल्यामुळे तेथे फारसे काही खटकले नाही, तरी कॉर्ड बदलल्याची जाणीव सुरावटीतून होत नाही.

मिरजेचा तंबोरा, ज्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, षड्ज अखंड धरून ठेवतो आणि त्यामुळे प्रत्येक स्वराचे त्याच्याशी असलेले नाते स्थिर राहते. कॉर्डच्या साथीत हा आधारच सरकतो: सी कॉर्डवर निवांत वाटणारा षड्ज जी सेव्हनवर अधांतरी राहतो. दुसऱ्या वाटेचे महत्त्व मला येथे सर्वाधिक वाटते. सी कॉर्डमध्ये ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी आणि मोकळ्या तारेवर ई असतो. जी सेव्हन येताच पहिला एक फ्रेट खाली उतरून बी होतो, तर दुसरा एक फ्रेट वर चढून एफ होतो. एवढे दोनच स्वर वाजवले, तरी साथीला कोणी नसतानाही कॉर्ड बदलल्याचे ऐकू येते. उंच जी तार (सी तारेपेक्षा वरच्या सुरात लावलेली) असलेल्या युकुलेलेवर सीच्या खाली उतरता येत नाही, त्यामुळे मंद्र निषादाऐवजी ए तारेवरचा हाच बी वापरावा लागतो.

ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन असा कॉर्डचा क्रम असेल, तर पहिली वाट अपुरी पडते. ई सेव्हनमध्ये जी शार्प (जीच्या एक फ्रेट वरचा स्वर) असतो आणि त्यावर पेंटॅटॉनिकमधला साधा जी लांबवला, तर तो स्पष्टपणे टोचतो. ई तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा जी शार्प घेऊन मोकळ्या ए वर आले, तर तीच जागा गोड लागते.

प्रत्येक कॉर्डला वेगळ्या नावाची स्केल लावण्याची तिसरी पद्धतही शिकवली जाते, पण एकाच पट्टीतल्या कॉर्डसाठी तिच्यात तेच सात स्वर नव्या नावांनी येतात. नवख्याने ती तूर्त बाजूला ठेवावी.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या गणेशोत्सवात वाजवायचे असेल आणि गाणे सी किंवा ए मायनरच्या साध्या चालीचे असेल, तर पहिली वाट पुरेशी आहे. इतर सर्वांनी, माझ्या मते, दुसरी लवकर धरावी, कारण तिची सुरुवात वाटते तितकी अवघड नाही. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन या कॉर्ड चार-चार मात्रा वाजवून मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि प्रत्येकीच्या पहिल्या मात्रेवर अनुक्रमे ई, सी, ए, बी एवढाच स्वर वाजवावा. पहिले तीन मोकळ्या तारांवर मिळतात, केवळ बी साठी ए तारेचा दुसरा फ्रेट दाबावा लागतो. हे अंगवळणी पडल्यावर उरलेल्या तीन मात्रांत भूपाचे स्वर खुशाल भरावेत.