गिम्प ३.०: नीट बघण्यासाठी आणि क्रॉप करण्यासाठी कसं आहे?

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काढलेल्या फोटोत पक्षी बहुतेक वेळा एका कोपऱ्यात, लहानसा येतो. ६०००×४००० पिक्सेलच्या फोटोतून १५००×१००० चा तुकडा घेतला, तर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) तो जेमतेम ५ इंच रुंद छापता येतो. त्यामुळे कापण्याआधी फोटो नीट बघावाच लागतो. गिम्प हा फोटो एडिट करण्याचा फुकट प्रोग्राम या दोन्ही कामांना उत्तम आहे. फक्त त्याची एक-दोन मूळ सेटिंग माहीत नसतील तर घोटाळा होतो.

आधी बघण्याचं. २४ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की साध्या फुल एचडी स्क्रीनवर तो साधारण २० ते २५ टक्क्यांवर दिसतो आणि त्या आकारात हललेला फोटोही धारदार वाटतो. ‘१’ ही कळ दाबा, फोटो १०० टक्क्यांवर येतो. डोळा आणि पिसं इथेच तपासायची. कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवलं की पॉइंटर असेल त्या जागेवर झूम होतो, चाक दाबून ओढलं की फोटो सरकतो. पूर्ण फोटो परत हवा तर कंट्रोल-शिफ्ट-जे. टॅबच्या वरची कळ आधीच्या झूमवर परत नेते. शंभर फोटो चाळताना ही कळ फार वेळ वाचवते. १०० टक्क्यांवरही फोटो विचित्र लहान दिसत असेल तर व्ह्यू मेनूतलं ‘डॉट फॉर डॉट’ बंद आहे का ते बघा. ते बंद असताना गिम्प छपाईच्या डीपीआयप्रमाणे आकार दाखवतो आणि फोकसचा अंदाज चुकतो.

आता क्रॉप. शिफ्ट-सी दाबून चौकट ओढा, कडा धरून जुळवा आणि एंटर मारा. नको असेल तर एस्केप. खरी ताकद टूलच्या पर्यायांत आहे. ‘फिक्स्ड’वर खूण करून ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडा. मोबाइलचा ४:३ फोटो ४×६ इंचाच्या कागदावर छापायचा तर गुणोत्तर ३:२ लागतं. म्हणजे ४००० × ३००० मधली उंची २६६७ वर येते आणि सुमारे ११ टक्के भाग जातो. हे आपण आधी ठरवलं नाही तर लॅबचं मशीन ठरवतं आणि नाशिकच्या रामकुंडावरच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या माणसांची डोकी उडतात.

पासपोर्ट साइज फोटोत हमखास होणारी चूक अशी: ‘फिक्स्ड’मध्ये ‘साइज’ निवडून ४१३×५३१ टाकलं जातं आणि चौकटीत नाक आणि एक डोळाच मावतो. ‘साइज’ फोटो लहान करत नाही, तेवढे पिक्सेल कापून घेतं. बरोबर क्रम: गुणोत्तर ३५:४५, ‘गाइड्स’मध्ये ‘सेंटर लाइन्स’ लावून नाक मधल्या रेषेवर, मग क्रॉप, आणि त्यानंतर इमेज मेनूतल्या ‘स्केल इमेज’मधून ४१३×५३१. हे ३०० डीपीआयला बरोबर ३५×४५ मिमी. बँकांच्या परीक्षांना २००×२३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात. त्यासाठी जेपीजी एक्स्पोर्ट करताना ‘शो प्रीव्ह्यू’वर खूण करा. क्वालिटी सरकवाल तशी फाइलची साइज समोर बदलत जाते.

येवल्याच्या पैठणीचे फोटो टाकणाऱ्यांनी मेझर टूल शिकावंच. काठाच्या कडेने रेष ओढून ‘स्ट्रेटन’ दाबलं की तिरका पदर सरळ होतो. कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात, म्हणून आधी सरळ करायचं आणि मग क्रॉप.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’. ही खूण मुळात बंद असते. म्हणजे कापलेला भाग पुसला जात नाही, कॅनव्हासच्या (दिसणाऱ्या चौकटीच्या) बाहेर लपून राहतो. व्ह्यू मेनूतलं ‘शो ऑल’ लावून बघा, सगळा दिसेल. मन बदललं तर ‘फिट कॅनव्हास टू लेयर्स’ने तो परत मिळतो. ही सोय मला मनापासून आवडते. पण आधार कार्डाचा नंबर कापून गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल कुणाला पाठवली, तर नंबरही सोबत जातो. अशा कामात ती खूण लावा, किंवा जेपीजीच पाठवा. त्यात फक्त कॅनव्हासवरचं जातं.

उणिवा आहेत. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइली थेट उघडत नाहीत, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी हा वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो. नुसते फोटो चाळायला इरफानव्ह्यू हा फोटो बघण्याचा प्रोग्राम कितीतरी चपळ आहे, आणि त्याच्या प्लगइनने जेपीजी पुन्हा कॉम्प्रेस न करता क्रॉप होते. मात्र ते धंद्याखेरीजच्या वापरालाच फुकट आहे. स्टुडिओत वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. गिम्पला धंद्यासाठीही पैसे लागत नाहीत.

पक्षीमित्रांनी एक्स्पोर्ट करताना एक्झिफची (फोटोसोबत फाइलमध्ये साठवलेल्या माहितीची) खूणही बघावी. मोबाइलने काढलेल्या फोटोत लोकेशन असेल तर क्रॉपनंतरही ते फाइलमध्ये राहतं. घरट्याचा फोटो असेल तर ती खूण काढूनच पाठवा.